शेक संपला तरी उपचार चालूच असतात

कर्करोगासाठी मामांचा पस्तिसावा शेक (रेडिएशन) झाला त्या दिवशी मामींनी पेढे आणले होते. टेक्निशियनला दिले, नर्सला दिले, बाहेर बाकावर नंबरची वाट बघत बसलेल्यांना दिले. मामांनी मात्र पेढा नुसता हातात धरला. गेले तीन आठवडे दूध आणि पेजेपलीकडे त्यांच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर घट्ट बसवतात तो जाळीचा मास्क त्यांना घरी न्यायला दिला, तो मामींनी पिशवीत घातला आणि सगळे गावी परतले. किमो झाली, शेक झाले, आता हळूहळू बरं वाटायला लागेल, असा सगळ्यांचा हिशोब होता.

पण पुढच्या आठ-दहा दिवसांत त्रास वाढला. घसा आणखी सोलवटला, मानेची कातडी काळी पडून सुटायला लागली, थुंकी इतकी चिकट झाली की रात्री झोपेतून उठून ती काढावी लागे. एका रात्री साडेअकराला मामेभावाचा फोन आला. "उपचार संपले ना? मग हे वाढतंय कसं? परत तर उठला नाही ना तो?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर डॉक्टरांना विचारत, वाचत जे कळलं ते इथे लिहितो आहे. किमो आणि रेडिएशन एकत्र घेणाऱ्यांच्या घरात हा प्रश्न एकदा तरी येतोच.

आधी एकत्र का देतात ते बघू. रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला लोक शेक किंवा लाईट म्हणतात, ते पेशीच्या आतल्या डीएनएचे तुकडे करतं. निरोगी पेशीलाही इजा होते, पण ती रातोरात बरीचशी डागडुजी करून घेते. कर्करोगाच्या पेशीला ही डागडुजी तितकी नीट जमत नाही. म्हणून एकदम मोठा मारा न करता रोज थोडा, बहुतेक वेळा २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप), आठवड्याचे पाच दिवस, असा शेक देतात. तोंड-घशाच्या कर्करोगात असे ३३ ते ३५ शेक होतात, एकूण ६६ ते ७० ग्रे. साडेसहा ते सात आठवडे जातात.

आता यात किमोचं काम काय? सिस्प्लॅटिन हे औषध डीएनएच्या धाग्यांना एकमेकांत अडकवून ठेवतं. आधीच शेकाने तुटलेला धागा, त्यात ही गाठ. दुरुस्ती करणारी यंत्रणा तिथेच खोळंबते. या जोडीत किमोचं मुख्य काम शेकाला धार लावण्याचं आहे. ती एकटीने कर्करोगाची गाठ संपवेल अशी अपेक्षा इथे नसते. सिस्प्लॅटिनमध्ये खरोखरच प्लॅटिनम असतं, तेच दागिन्यातलं. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, आणि शोध घेतल्यावर कळलं की करामत विजेची नव्हती, प्लॅटिनमच्या कांड्यांतून पाण्यात उतरलेल्या संयुगाची होती. तिथून १९७८ मध्ये ते अमेरिकेत अधिकृत औषध झालं.

जोडीने उपचार करण्याची कल्पना पक्की व्हायला वेळ लागला. डेट्रॉइटचे नॉर्मन निग्रो हे सर्जन गुदद्वाराच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी किमो आणि शेक एकत्र देऊन बघत होते. १९७४ मध्ये त्यांनी तीन रुग्णांची हकीकत छापली. दोघांची शस्त्रक्रिया झाली, तर काढलेल्या भागात कर्करोग सापडलाच नाही. तिसऱ्याने शस्त्रक्रियेला नकार दिला होता. तीन म्हणजे काय मोठा आकडा नव्हे, पण त्या भागातल्या कर्करोगात आज पहिला उपाय किमो-रेडिएशनच असतो आणि बहुतेकांचा गुदमार्ग वाचतो. पुढे फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने डॉक्टरांना खास सूचना काढली: गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शेकाबरोबर सिस्प्लॅटिन देण्याचा गांभीर्याने विचार करा. पाच मोठ्या अभ्यासांत मृत्यूचा धोका ३० ते ५० टक्क्यांनी कमी झालेला दिसला होता.

आपल्याकडच्या बायका मात्र अनेकदा उशिरा, आजार पुढे गेल्यावर येतात. त्यांनाही हा फायदा मिळेल का? परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने हाच प्रश्न घेतला. तिसऱ्या टप्प्याच्या 'बी' गटातल्या ८५० स्त्रिया, निम्म्यांना नुसता शेक, निम्म्यांना शेक आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. २०१८ मध्ये निकाल छापला गेला. पाच वर्षांनी नुसत्या शेकाच्या गटात ४६ टक्के जिवंत होत्या, जोडीच्या गटात ५४ टक्के. आठ टक्क्यांचा फरक कागदावर लहान दिसतो. शंभर घरं डोळ्यांसमोर आणली की त्यातल्या आठ घरांत आई असण्या-नसण्याचा तो फरक आहे.

आता 'पूर्ण करणं' या शब्दाकडे येतो, कारण घरच्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. आपल्याला वाटतं, पस्तीस शेक म्हणजे पस्तीस. मध्ये दोन-चार दिवस राहिले तर शेवटी भरून काढू. अँटिबायोटिकची गोळी चुकते तसंच काहीतरी. पण शेकात किती दिले याइतकंच किती दिवसांत दिले हेही औषधच असतं.

त्याचं कारण असं. शेक सुरू झाला की गाठीतल्या पेशी मरतात. उरलेल्या काही दिवस सुन्न असतात आणि मग त्या झपाट्याने वाढायला लागतात. पावसाळ्यात तण उपटल्यावर उरलेलं तण जसं जास्त जोमाने फोफावतं, तसंच. १९८८ मध्ये रेडिएशनचे अभ्यासक रॉडनी विदर्स आणि सहकाऱ्यांनी तोंड-घशाच्या कर्करोगाची जुनी माहिती एकत्र करून दाखवलं की साधारण चौथ्या आठवड्यानंतर ही उसळी सुरू होते, आणि त्यानंतर उपचार लांबलेला प्रत्येक दिवस भरून काढायला सुमारे ०.६ ग्रे जादा लागतात. म्हणजे रोजच्या शेकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता उशिराच्या दंडात जातो. आणि रोग्याचा त्रास नेमका चौथ्या-पाचव्या आठवड्यातच शिगेला पोचायला लागतो. ज्या दिवसांत 'आज नको, उद्या जाऊ' असं मनापासून वाटतं, तेच दिवस चुकवायचे नसतात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून सुमारे २५ शेक आणि मग आतून शेक, म्हणजे ब्रॅकीथेरपी, हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपवायचं असतं. बाहेरचे शेक झाल्यावर रक्तस्राव थांबतो, बाईला बरं वाटतं, आणि घरचे म्हणतात, आतला शेक नको, तो फार त्रासाचा आहे म्हणे. ही चूक महागात पडते. गाठीच्या मुळाशी मोठा डोस पोचतो तो आतल्या शेकातूनच. तो सोडला तर उपचार अर्धवटच राहिला.

शेक का चुकतात? गणपती, गौरी, घरातलं लग्न, गाडी चुकणं, पैसे, आणि मशीन बंद पडणं. मामांच्या उपचारात मशीन सलग तीन दिवस बंद होतं आणि आम्हाला कोणी आपणहून काही सांगितलं नाही. आम्ही लॉजवर बसून राहिलो. नंतर कळलं की अशा वेळी विचारायचं असतं: "हे दिवस कसे भरून काढणार?" कारण उपाय असतात. शनिवारी शेक देता येतो. एकाच दिवशी दोन देता येतात, फक्त त्यांच्यात किमान सहा तासांचं अंतर ठेवून, म्हणजे निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो. काही ठिकाणी रुग्णाला दुसऱ्या मशीनवर हलवतात. हे ठरवणं डॉक्टरांचं काम, पण प्रश्न काढणं घरच्यांच्या हातात आहे. प्रवास खर्चाचा अडसर असेल तर रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात मोठी सवलत देते, त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक फॉर्म लागतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) बसतात, त्यांना पहिल्याच आठवड्यात गाठावं.

किमोचं गणित मात्र वेगळं आहे, आणि हे कोणी उलगडून सांगत नाही म्हणून जरा थांबतो. मामांना सिस्प्लॅटिनचे तीन मोठे डोस द्यायचं ठरलं होतं, दर तीन आठवड्यांनी एक. दोन झाले. तिसऱ्याच्या आधी रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आलेला, आणि डॉक्टरांनी तिसरा डोस रद्द केला. घरात पुन्हा धक्का: "मग उपचार अपुरा राहिला." तसं नव्हतं. पूर्ण मोठा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे १०० मिलिग्रॅम असतो, आणि तोंड-घशाच्या कर्करोगात एकूण २०० मिलिग्रॅमपर्यंत पोचलं की किमोचा बराचसा फायदा पदरात पडला असं डॉक्टर धरतात. दोन डोसांत तो आकडा गाठला जातो. शिवाय मूत्रपिंड बिघडवून, कान घालवून घेतलेला तिसरा डोस शेकातच खंड पाडतो. म्हणून अडचणीच्या वेळी डॉक्टर किमो सोडतील पण शेक सोडणार नाहीत. उपचाराचा कणा शेकच आहे.

याचा अर्थ किमो कितीही कमी-जास्त झाली तरी चालते असाही नाही. टाटा मेमोरियलमध्येच ३०० रुग्णांवर तुलना झाली होती, तीही २०१८ मध्ये छापली गेली. दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम आणि दर तीन आठवड्यांनी १००, असे दोन गट. दोन वर्षांनी तोंड-मानेच्या भागात आजार ताब्यात राहण्याचं प्रमाण आठवड्याच्या गटात ५८.५ टक्के, तीन आठवड्यांच्या गटात ७३.१ टक्के. मोठ्या डोसात त्रास जास्त, पण आजारावर पकडही जास्त. दर आठवड्याला ४० मिलिग्रॅम हीही रुळलेली पद्धत आहे. कोणाला काय द्यायचं हे वय, मूत्रपिंड, कान आणि अंगातली ताकद बघून ठरतं. शेजारच्या पलंगावरच्या माणसाला तीन सलाईन लागले आणि आपल्याला सहा, यावरून काही ताडू नये.

आता त्या रात्रीच्या फोनकडे. शेक संपल्यावर त्रास का वाढतो?

तोंडाच्या आतलं अस्तर सतत झडत असतं आणि खालच्या थरातल्या पेशी नवीन अस्तर बनवत असतात. शेकाची इजा या खालच्या थराला होते. आज इजा झालेली पेशी आजच मरत नाही. ती विभागायला जाते तेव्हा मरते. म्हणून शेवटच्या आठवड्यातल्या शेकांची झळ त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत दिसते. चुलीवरून तवा उतरवला तरी त्यावरची भाकरी काही वेळ भाजतच राहते. मामांचा घसा त्या दहा दिवसांत वाढला तो कर्करोगामुळे नाही, आधीच घेतलेल्या शेकामुळे. बहुतेकांचा हा चढ दोन आठवड्यांत थांबतो, मग उतार लागतो, आणि चार ते सहा आठवड्यांत तोंड बऱ्यापैकी भरून येतं. चव यायला महिने लागतात. तोंडाची कोरड त्याहून रेंगाळते, काहींची कायमची राहते. थकवा हा सगळ्यात हट्टी पाहुणा. तो कधी गेला हे कळतच नाही, एक दिवस माणूस आपणहून दळण आणायला निघतो तेव्हा लक्षात येतं.

हे दोन आठवडे हॉस्पिटलबाहेरचे, म्हणून धोक्याचे. आधी रोज कोणीतरी नजर टाकत होतं, आता नाही. तेव्हा वजन दर दोन-तीन दिवसांनी बघायचं. नाकातून नळी घातलेली असेल तर तोंडाने खाता येतंय हे डॉक्टरांनी बघेपर्यंत ती काढायची घाई नको. नळी म्हटली की आपल्याकडे 'आता काही खरं नाही' असा सूर लागतो, पण ती दोन महिन्यांची सोय आहे. नळी असली तरी पाणी, पेज, जे उतरेल ते घोट-घोट गिळत राहायचं. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर आखडतात, आणि मग नळी खरोखरच निघत नाही. मऊ भात, मुगाची पातळ खिचडी वर तूप घालून, नाचणीचं सत्त्व दुधात, अंड्याचं बलक. लिंबू, टोमॅटो, मिरची, आंबट ताक काही दिवस बाजूला. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून पाच-सहा वेळा चूळ. मानेवर हळद, कोरफड, कोणाचं तेल, काहीही लावण्याआधी विचारायचं.

आणि ताप. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. किमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असू शकतात. पाणीही पोटात राहत नसेल, लघवी कमी झाली असेल, तोंडातून ताजं रक्त येत असेल, श्वास घेताना आवाज येत असेल, तरीही तेच.

एक गोष्ट ओघात सांगून टाकतो, कारण तिने घरं दुखावली जातात. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण राहत नाहीत. मशीन बंद झालं की संपलं. ब्रॅकीथेरपीच्या नेहमीच्या पद्धतीतही किरणांचा दाणा काम झाल्यावर मशीनमध्ये परत जातो. ताट वेगळं ठेवणं, नातवंडाला जवळ येऊ न देणं याला काहीही आधार नाही. मामांचं ताट महिनाभर वेगळं होतं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांना कळत होतं.

मग गाठ गेली की नाही हे कधी कळणार? इथे घरच्यांचा जीव वर-खाली होतो. शेक संपल्याबरोबर स्कॅन करून टाकू, म्हणजे एकदाचं कळेल, असं वाटतं. काही जण परस्पर लॅबमध्ये जाऊन करूनही येतात. पण त्या वेळी आतली सगळी जागा सुजलेली, लाल झालेली असते. पेट स्कॅनमध्ये जिथे पेशी जास्त साखर खातात तिथे उजळ दिसतं, आणि सूज असलेली जागाही साखर खाते. म्हणजे उगाच घाबरवणारा रिपोर्ट. शिवाय इजा झालेल्या कर्करोगाच्या पेशीही विभागायला जाताना मरतात, म्हणजे गाठ विरघळायलाही आठवडे लागतात. म्हणून तोंड-घशाच्या कर्करोगात शेक संपल्यापासून साधारण १२ आठवड्यांनी पेट-सीटी करतात. ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचा निकाल २०१६ मध्ये आला. १२ आठवड्यांनी स्कॅन करून गरज असेल त्याचीच मानेची शस्त्रक्रिया केली, तर सरसकट सगळ्यांची शस्त्रक्रिया केल्याइतकेच लोक जगले. बहुतेकांची मान कापण्यातून सुटली. हे तीन महिने बसून राहणं अवघड आहे हे खरं, पण त्या काळात डॉक्टर नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी तपासतात तेच जास्त कामाचं असतं.

शेवटचा शेक म्हणजे सक्रिय उपचाराचा शेवट, असं सगळ्याच कर्करोगांत नसतं. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा नावाच्या कर्करोगात शेकाबरोबर टेमोझोलोमाइड या किमोच्या गोळ्या असतात आणि शेक संपल्यावर महिन्याभराने त्याच गोळ्यांची फेरी पुन्हा सुरू होते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्यात, शस्त्रक्रिया शक्य नसताना किमो-रेडिएशननंतर आजार वाढलेला नसेल तर वर्षभरापर्यंत इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं औषध, देता येते. ती महाग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. गुदाशयाच्या कर्करोगात पुढे शस्त्रक्रिया असते, किंवा गाठ पूर्ण विरली तर बारीक लक्ष ठेवून थांबतात. तेव्हा शेवटच्या दिवशी "आता पुढे काय?" हे विचारून, लिहून घेऊनच निघावं.

उशिरा येणारे परिणाम हा वेगळाच विषय, पण दोन-तीन सांगितल्याशिवाय राहवत नाही. गर्भाशयमुखासाठी शेक घेतलेल्या स्त्रीच्या योनीमार्गाला आतून चिकटून जायची खोड लागते. ते टाळायला डायलेटर, म्हणजे योनीमार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत कांडी, वापरायला शिकवतात, पण लाजेपायी ना डॉक्टर बोलतात ना बाई विचारते. विचारावं. पुढच्या तपासण्याही त्यामुळे सोप्या जातात. पाळी जाते, आणि तिच्याबरोबर हाडांची काळजी येते. महिन्यांनी किंवा वर्षांनी लघवीतून वा शौचातून रक्त आलं तर ते शेकाचंही असू शकतं. मूळव्याध समजून घरी बसू नये. मानेला शेक घेतलेल्यांची थायरॉईड पुढे मंदावू शकते, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासायचं. माणूस सुस्त, फुगलेला, उदास दिसतो आणि घरचे समजतात आजाराचा धक्का आहे. कधीकधी ती नुसती एका गोळीची कमतरता असते. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम वर्षभर तरी सोडायचा नाही. तंबाखू, मशेरी, बिडी यांबद्दल वेगळं सांगत नाही, ते डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलेलं असतं.

आणि दात. शेकाच्या आधी खराब दात काढून घेतात, त्याचं कारण नंतर कळतं: शेक बसलेल्या जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी होतो, तिथे दात उपटला तर जखम भरत नाही आणि हाड सडायला लागू शकतं. हा धोका एक-दोन वर्षांनी संपत नाही, आयुष्यभर राहतो. मामांची दाढ चार वर्षांनी दुखली. ते तालुक्याच्या दवाखान्यात गेले, तिथला डॉक्टर चिमटा घेऊन तयार होता. मामी सोबत होत्या म्हणून निभावलं. त्यांनी पिशवीतून डिस्चार्जचा कागद काढला. कोणत्या भागाला, किती ग्रे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, सगळं त्यावर होतं. त्याची एक प्रत मामांच्या खिशात आणि एक मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेली आहे. डॉक्टरने कागद वाचला, चिमटा खाली ठेवला आणि जिथे शेक झाला होता तिथे फोन लावला.